दर्या कुणाचा? हर्णे बंदरावरच्या कामाचा आणि मौजेचा इतिहास

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधून बातमी आली की मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. अकरांमध्ये रायगड होता, प्रतापगड होता, आणि आमच्या हर्णेचा सुवर्णदुर्गही होता. दुसऱ्याच दिवशी वर्गात सातवीच्या एका मुलीने विचारलं, "टीचर, तुम्ही किल्ल्यात किती वेळा गेलात?"

मी खरं तेच सांगितलं. एकदाही नाही.

माझा जन्म हर्णेचा, वय चाळिशीच्या पुढे. घराच्या मागच्या दारातून किल्ला दिसतो. पावसाळ्यात लाटा तटावर फुटून पांढरा फेस उडतो तोही दिसतो. बंदरावरून होडीने पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. अब्बांनी सगळं आयुष्य त्याच पाण्यात काढलं. आणि त्यांच्या मुलीने किल्ल्याच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. वर्गातल्या एकोणतीस मुलींना हात वर करायला सांगितलं. किल्ला आतून पाहिलेल्या फक्त तीन निघाल्या, त्याही मुंबईचे पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासोबत गेलेल्या.

पावसाळ्यात किल्ल्यावर होडी जात नाही, म्हणून सहल डिसेंबरात काढायची ठरवली. मुलींना तिथे नेऊन काय सांगायचं, याची तयारी करताना जे वाचलं, आठवलं, बंदरावर विचारून घेतलं, त्यातून हा लेख झाला.

आधी गावाची ओळख. हर्णेला एक नाही, चार किल्ले आहेत. सुवर्णदुर्ग पाण्यात. त्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. फत्तेगडाचा तट शोधावा लागतो, कारण त्यावर कोळ्यांची वस्ती आहे, घराला घर लागून. गोवा किल्ल्याची भिंत रस्त्यावरून जाताना दिसते. शेजारी पाजपंढरी, पलीकडे जोग नदीची खाडी आणि आंजर्ले. दुसऱ्या बाजूला मुरुड आणि कर्दे, जिथे आता पर्यटक उतरतात. कोळी, भंडारी, खारवी, ब्राह्मण, मराठा, आणि मुसलमान, त्यात आम्ही दाल्दी. या शब्दाकडे पुढे येते.

सुवर्णदुर्ग मुळात विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातला मानतात. १६६०च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला आणि त्यांनी तो नव्याने बळकट केला. तटाचा बराच भाग बेटाचाच कातळ तासून काढलेला आहे, वर चिरे रचलेत. पूर्वेकडचं दार असं लपवलं आहे की समोर गेल्याशिवाय दिसत नाही. दाराच्या पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या भिंतीवर मारुती. १६८८च्या सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा घातला, किल्लेदार फितूर व्हायच्या बेतात होता, तेव्हा तरुण कान्होजी आंग्र्यांनी किल्ला वाचवला, अशी कथा सांगतात. पुढे हेच कान्होजी मराठ्यांचे सरखेल झाले. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा दस्तक घ्यायचा, नाहीतर गुराबा आणि गलबतं मागे लागायची. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण स्वतः इंग्रजही इतरांच्या जहाजांना पास देत आणि त्यासाठी पैसे घेत. १७२९ मध्ये कान्होजी वारले, तोवर त्यांना कुणी मोडू शकलं नाही.

इथे वर्गात नेहमी एक अडचण येते. मुलींना पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास मोबाईलवर मिळतो, आणि तिथे दोनच रंग असतात. मग सिद्दीचं नाव आलं की माझ्या वर्गातल्या मुली खाली बघतात, जणू वेढा त्यांनीच घातला होता. म्हणून मी १६७९चं खांदेरी सांगते. त्या वर्षी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी बेट घ्यायला माणसं पाठवली. बेटावर मायनाक भंडारी होता. त्याच्या मदतीला आरमार घेऊन आला तो दौलतखान. समोर इंग्रज, आणि त्यांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे सिद्दी मुसलमान आणि मराठ्यांच्या आरमाराचा सरदारही मुसलमान. भंडारी आणि खान एका बाजूला, सिद्दी आणि टोपीकर दुसऱ्या बाजूला.

आणखी पुढचं उदाहरण तर आमच्याच पाण्यातलं. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. मार्च १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' नावाचं जहाज आणि बाकीचा काफिला घेऊन निघाला, पेशव्यांची गलबतं सोबतीला. एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्गावर तोफा चालल्या. किल्ल्यातल्या दारूच्या साठ्याला आग लागली, मोठा स्फोट झाला आणि काही दिवसांत चारही किल्ले पडले. करारानुसार ते पेशव्यांकडे गेले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तिथे आंग्र्यांचं आरमार जळालं. आंग्र्यांशी पेशव्यांचं भांडण होतं, पण जळालं ते मराठ्यांचंच आरमार. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना पाण्यात अडवणारं फारसं कुणी उरलं नाही. यात हिंदू विरुद्ध मुसलमान कुठे बसवायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

या लढाईची एक गंमत लंडनमध्ये आहे. विल्यम जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी परतला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने पुढच्या वर्षी लंडनच्या शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सुवर्णदुर्ग हा शब्द इंग्रजांच्या तोंडात असा झाला. मनोरा मध्यंतरी पडीक होता. तिथल्या स्थानिक लोकांनी धडपड करून तो वाचवला आणि २०१४ पासून तो पुन्हा लोकांसाठी उघडला. आता सुट्टीच्या दिवशी लंडनकर जिना चढून वर जातात, लांबवर शहर बघतात आणि खाली येऊन चहा पितात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे लंडनची माणसं आपल्या किल्ल्याच्या नावावर चहा पितात, आणि आपण किल्ल्यातही गेलो नाही." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

१८०२ मध्ये होळकरांच्या भीतीने दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला, तो महाडमार्गे सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ पर्यंत सगळं इंग्रजांकडे गेलं. दापोलीला त्यांची छावणी पडली, म्हणून आजही जुनी माणसं तिला कॅम्प दापोली म्हणतात. हर्णे त्या छावणीचं बंदर झालं. किल्ल्याला मात्र काही काम उरलं नाही. तोफा पडून राहिल्या, तटावर झाडं वाढली. लढणारे गेले आणि मासे पकडणारे राहिले. ते लढाईच्या आधीपासून होतेच. आरमारावर वल्हं मारायला, शीड ओढायला याच वस्त्यांतली माणसं जायची. लढाई संपली की पुन्हा जाळ्यावर. इतिहासाच्या पुस्तकात सरखेल येतो, वल्हेकरी येत नाही.

आता दाल्दी. रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये आमची नोंद आहे: किनाऱ्यावर राहणारे, मासेमारी करणारे, जाळी विणणारे, जहाजावर खलाशी म्हणून जाणारे मुसलमान. कुणी म्हणतं अरब दर्यावर्दींचे वंशज, कुणी म्हणतं इथलेच कोळी, जे केव्हातरी मुसलमान झाले. मला दोन्ही खरं वाटतं. बंदरावर रक्त कधीच एकाच दिशेने वाहत नाही. लहानपणी मात्र हा शब्द मला लपवावासा वाटायचा. बाहेरच्यांनी काही म्हटलं म्हणून नव्हे. आमच्यातल्याच खानदानी म्हणवणाऱ्या घरांत दाल्द्यांशी सोयरीक टाळत. बी.एड.ला असताना एका मैत्रिणीने विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" मी म्हटलं, "बोटीवर असतात." तिला वाटलं मोठ्या जहाजावर, आखातात वगैरे. मी तिचा समज दूर केला नाही. अब्बा दुसऱ्याच्या मचव्यावर तांडेल होते. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

अब्बांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण भरतीचा हिशेब तोंडपाठ. कोकणात सगळ्यांना माहीत असलेला नियम आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रोज चंद्र पाऊण तास उशिरा, म्हणून भरतीही. अब्बा तिथी कॅलेंडरवर बघत नसत. ते अम्मीला विचारत, "चांदाची किती तारीख?" अम्मी सांगायची, सात. अब्बा त्यात एक मिळवायचे, कारण चंद्र दिसतो तो अमावास्येनंतर दिवस-दीड दिवसाने, आणि आमचा महिना दिसल्यावर सुरू होतो. मग आठ, पाऊणपट सहा. उर्दूत पूर्ण चंद्राला चौदहवीं का चाँद म्हणतात आणि मराठीत पौर्णिमा पंधरावी. हा एका दिवसाचा फरक मी बी.एड.नंतर पुस्तकात वाचला, अब्बा तो रोज मिळवून टाकत होते. शेजारचे नाखवाकाका कोळी. त्यांचा हिशेब तिथीवरून, आमचा चांदावरून, आणि दोन्ही होड्या एकाच वेळी सुटायच्या.

नाखवा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे बंदरावर गेले की कान शब्दांकडे असतात. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. खलाशी, सारंग, बंदर, दर्या, दर्यावर्दी, तुफान हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. सुरमई माशाचं नाव डोळ्यात घालायच्या सुरम्यावरून, त्याच्या पाठीचा रंग बघा. होडी, जाळं, वल्हं, डोलकाठी हे इथले. आरमार पोर्तुगीज. आणि रोज संध्याकाळी ज्यासाठी माणसं जमतात तो लिलाव, तोही पोर्तुगीजच. सगळ्यांत मजेची गोष्ट सुकाणूची. हा मूळ अरबी शब्द मराठीने ठेवला, आणि उर्दूवाले त्याला देशी शब्दाने पतवार म्हणतात. कुठला शब्द कुणाचा, याचं भांडण करायला माझ्याकडे कुणी आलं तर मी त्याला हर्णेच्या वाळूवर नेऊन उभं करते.

तो लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हर्णेचा किनारा उथळ. मोठ्या बोटी लांब नांगर टाकतात. माल लहान होड्यांतून अलीकडे येतो आणि मग बैलगाड्या पाण्यात शिरतात. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, गाडीवान उभा राहून कासरा धरतो आणि टोपल्या भरून गाडी वाळूवर येते. पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी, बांगडा, म्हाकूळ, कधी शेवंड. माल वाळूवर मांडला की भोवती कोंडाळं होतं. बोली मोठ्याने, पण डोळ्यांच्या खुणा त्याहून जास्त. चार-पाच मिनिटांत ढीग विकला जातो आणि बर्फाच्या पेट्यांत भरून गाड्यांकडे निघतो. बायका उरलेला, निवडलेला माल घेऊन बसतात. पर्यटकांना वाटतं हे त्यांच्यासाठीचं दृश्य आहे. पण या अर्ध्या तासावर किती घरांतला उद्याचा स्वयंपाक ठरतो, ते फोटोत येत नाही.

हे बंदर फक्त माशांचं नव्हतं. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईला जायचं ते आगबोटीने. आगबोट लांब उभी राहायची, कारण धक्का नव्हता. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेचा अंदाज घेत वर चढायचं. माझी दादी सांगायची, पहिल्यांदा मुंबईला गेली तेव्हा तिला एका कोळ्याने उचलून आगबोटीवर ठेवलं आणि तिचं गाठोडं मागून फेकलं. गिरणीत, गोदीत, जहाजांवर काम करायला निघालेलं अर्धं कोकण असं गेलं. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे मुंबईही बंद. पुढे एसटी आली, रस्ते झाले, आगबोटी थांबल्या. धक्क्याची मागणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

माझ्या लहानपणी शिडाच्या होड्या शेवटच्या घटका मोजत होत्या. इंजिनं आली, मग ट्रॉलर, मग मोठी पर्ससीन जाळी. पूर्वी पावसाळ्यात होड्या ओढून शाकारून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर बाहेर काढत. नारळ कोळी द्यायचे, पण त्याआधी आमचीही होडी सुटत नसे. आता कायद्याने १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ तोच. जुना रिवाज आणि नवा कायदा इथे एकाच जागी येतात, फरक इतकाच की रिवाज मोडायची लाज वाटायची, कायदा मोडायला पळवाट लागते. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. दिव्याच्या झोताकडे मासा धावतो, लहान-मोठा सगळा, आणि एका जाळ्यात जातो. बंदी कागदावर आहे. लहान होडीवाल्याला विचारा, रात्री क्षितिजावर काय दिसतं.

आणि आता मौज.

पाण्यात मौज करणं आमच्या गावाला नवीन नव्हतं. पोरं कातळावर बसून गरी टाकायची, पाग फेकायची, खाडीत चिंबोऱ्या धरायची. हे काम होतं की खेळ, सांगता यायचं नाही. मिळालेला मासा घरी गेला की काम, तिथेच भाजून खाल्ला की खेळ. मीसुद्धा गरी टाकलीय. बारा वर्षांची झाले तसं अम्मीने सांगितलं, आता पुरे. नाखवाकाकांच्या मुलीलाही तिच्या आईने तेच सांगितलं. भाऊ पाण्यातच राहिले, पोहायला शिकले. आम्ही काठावर आलो. गावातल्या बायका पाण्यात जातच नाहीत असं नाही. ओहोटीला कालवं काढायला, तिसऱ्या वेचायला कमरेएवढ्या पाण्यात जातात, तासन्‌तास वाकून. कामासाठी पाणी चालतं, मौजेसाठी नाही.

मग मौज बाहेरून आली. मुरुड-कर्द्याला आधी घरगुती खोल्या, मग रिसॉर्ट. सकाळी डॉल्फिन बघायला होड्या, दुपारी किल्ल्याची फेरी, संध्याकाळी पॅरासेलिंग आणि केळ्याच्या आकाराची ती फुगीर बोट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळ-पोफळीच्या बागा झोपवल्या, बोटी फोडल्या. नवी बाग धरायला वर्षं लागतात, होडीत पर्यटक बसवायला एक हंगाम. त्यामुळे जाळं सोडून बरीच तरुण पोरं तिकडे वळली. माझा भाचा त्यातलाच. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, सुरुवातीला तोंड फिरवलं. म्हणाला, "आपण माणसं फिरवणारे झालो." भाच्याने उत्तर दिलं, "अब्बू, दादा पण आगबोटीला माणसं न्यायचेच की." त्यावर भाऊ गप्प झाला, आणि मला इतिहासाचा एक चांगला धडा फुकट मिळाला.

तक्रारी आहेतच. डॉल्फिनमागे पाच-सहा होड्या एकाच वेळी इंजिन पेटवून धावतात, तेव्हा ते जनावर बुडी मारून दूर जातं. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण कायदा पाण्यात दिसत नाही. वाळूवर गाड्या येतात, अगदी कासवं अंडी घालतात त्या पट्ट्यावरही. आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरणारे पाहुणे. ओहोटीचं पाणी आत ओढतं हे इथलं शेंबडं पोर जाणतं. पाहुण्याला पाणी ओसरलेलं, शांत दिसतं, आणि तो आणखी पुढे जातो. कोळी-दाल्द्यांची पोरं किती जणांना ओढून काढतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण मला सगळ्यांत जास्त टोचतं ते वेगळंच. पुण्या-मुंबईच्या बायका, मुली नारिंगी जॅकेट घालून लाटांत हसतात. माझ्या विद्यार्थिनी, ज्यांच्या घरचं मीठ या पाण्याचं आहे, भिंतीवर बसून त्यांच्याकडे बघतात.

म्हणून सहल सोपी नव्हती. पालकसभेत पहिला प्रश्न आला, "पाण्यात उतरायचं नाही ना?" किल्ल्याला धक्का नाही, उतरताना गुडघाभर पाणी लागतंच. एका वडिलांनी विचारलं, मुलींना याची गरज काय. मी म्हटलं, मुलांना पोहायला शिकवा असं हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं, मी तर फक्त होडीत बसवतेय. ते हसले, पण सही केली नाही. सही त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी आणून दिली. ती म्हणाली, "टीचर, मी वीस वर्षं कालवं काढतेय. पाणी गळ्याशी आलं की जीव जातो. मला पोहता येत नाही. हिला निदान भीती तरी नको."

एकोणतीसपैकी बावीस मुली आल्या. शेजारच्या मराठी शाळेच्या बाईंना विचारलं होतं, त्यांच्या नऊ मुली आल्या. भाच्याने आणि नाखवाकाकांच्या नातवाने दोन होड्या दिल्या, डिझेलपुरते पैसे घेतले. भरतीची वेळ मी मुलींना काढायला लावली. मराठी शाळेच्या मुलींनी तिथीवरून काढली, माझ्या मुलींनी चांदाच्या तारखेत एक मिळवून. दोन्हींचं उत्तर जुळलं तेव्हा भाचा म्हणाला, "फुफी, ॲप बघितलं असतं तरी चाललं असतं." ॲपमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा फरक होता.

होडीतून पाय खाली टाकताना मी घाबरले. चाळीस वर्षांची भीती होती ती. एका मुलीने हात दिला. दाराशी कासव होतं, भरतीच्या खाऱ्या वाऱ्याने झिजलेलं. आत झाडी, पडकी दारूकोठारं, पाण्याची टाकी. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी बघून मुली खरोखर चकित झाल्या. मी खांदेरी सांगितली, दौलतखान आणि मायनाक सांगितले, १७५५ सांगितलं, लंडनचा मनोराही. तटावर उभं राहिलं की पलीकडे गाव दिसतं: फत्तेगडावरची घरं, दीपगृह, मशिदीचा मिनार, नांगरलेल्या बोटी. मी ते गाव या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. एका मुलीने विचारलं, "टीचर, या किल्ल्यावर दाल्दी होते का?" नावानिशी दाखवायला माझ्याकडे कागद नाही, आणि मी तसं सांगितलं. पण इथे दाणागोटा, पाणी, दारूगोळा, माणसं जे काही आलं ते होडीने आलं, आणि होड्या ज्या वस्त्यांत होत्या त्यांत आपली वस्ती होती. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. शब्द मात्र तिने मोठ्याने उच्चारला होता, सगळ्यांसमोर, न लाजता. मी तिच्या वयाची असताना तो उच्चारला नसता.

परतताना भरती उतरायला लागली होती. होडी वाळूपासून थोडी अलीकडे थांबली आणि मुली एकेक करून पाण्यात उतरल्या. घाई कुणालाच नव्हती. पाच मिनिटं त्या नुसत्या उभ्या राहिल्या, सलवारी गुडघ्यापर्यंत भिजवून, दोन्ही शाळांच्या. मी घड्याळ बघितलं नाही. किनाऱ्यावर लिलाव सुरू झाला होता आणि तिथल्या बायका माल सोडून आमच्याकडे बघत होत्या.

युनेस्कोच्या यादीमुळे आता पर्यटक वाढतील, धक्का होईल, तिकीट लागेल, माहितीचे फलक येतील. त्या फलकांवर सरखेल आणि कमोडोर असतील. वल्हेकऱ्यांचीही एक ओळ असावी, मायनाक भंडाऱ्याबरोबर दौलतखानाचंही नाव असावं, एवढी मागणी मी ग्रामपंचायतीकडे लेखी करणार आहे. दुसरं काम माझ्या शाळेचं. येत्या मार्चमध्ये, परीक्षा संपल्यावर, खाडीच्या शांत पाण्यात मुलींना पोहायला शिकवायचं ठरवलं आहे. शिकवायला नाखवाकाकांची सून तयार आहे, ती मुंबईत तलावात शिकली. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत. बारावं नाव कालवं काढणाऱ्या त्या आईने स्वतःचं लिहिलं आहे, आणि तेरावं माझं.